खूण पटावी, माग निघू नये

बारामतीहून नीरेकडे जाताना माळेगाव बुद्रुक लागते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा उसाचा पट्टा. माळेगावचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या दशकात उभा राहिला. तेव्हापासून दरवर्षी गळीत हंगाम सुरू झाला, की इथले रस्ते रात्रंदिवस वाहते राहतात. उसाने शिगोशीग भरलेल्या बैलगाड्या, दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर, ट्रक, मधूनच एसटी, आणि या सगळ्यांतून वाट काढणारे दुचाकीस्वार. त्यात शाळेतून घरी निघालेले शिक्षकही असतात.

अंधार पडल्यावर या रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहून पाहा. वाहने एकमेकांशी सतत काहीतरी बोलत असतात. बैलांच्या गळ्यातली घुंगरे वाजतात, कुठे गाडीखाली कंदील डुलत असतो, ट्रेलरमागचा लाल रिफ्लेक्टर चमकतो, हॉर्न वाजतो. पुढच्या ट्रकचा उजवा दिवा मिचमिचू लागला, की मागचा चालक विचारात पडतो. 'मी उजवीकडे वळतो आहे' असे ट्रकवाला सांगतो आहे, की 'रस्ता मोकळा आहे, तुम्ही पुढे जा' असे? दोन्ही अर्थ आपल्याकडे रूढ आहेत, आणि चुकीचा अर्थ लावला तर जिवाशी गाठ असते.

आता वाहनांनी हेच बोलणे रेडिओलहरींमार्फत करावे, असा प्रयत्न जगभर चालू आहे. वळणापलीकडची गाडी डोळ्यांना दिसत नाही, पण रेडिओ संदेश तिच्यापर्यंत पोचू शकतो. कल्पना चांगली आहे. मात्र तिच्यात एक जुनी अडचण दडलेली आहे. संदेशावर विश्वास ठेवायचा, तर तो कोणी पाठवला हे कळायला हवे. आणि प्रत्येक संदेशाबरोबर पाठवणाऱ्याचे नाव जाऊ लागले, तर तो कुठे जातो, कधी जातो, कोणाकडे थांबतो, याचा माग कोणालाही काढता येईल. खूण तर पटायला हवी, पण माग निघायला नको. या दोन मागण्यांची ओढाताण रेडिओच्याही आधीची आहे. तिचा इतिहास पाहायला आपल्याला उसाचा रस्ता सोडून कोकण किनाऱ्यावर जावे लागेल. कारण 'तू कोण?' हा प्रश्न वाहनांनी एकमेकांना गंभीरपणे विचारला, तो आधी समुद्रावर.

जहाजांचे परवाने

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात एक पद्धत सुरू केली. व्यापारी जहाजाने त्यांच्याकडून 'कार्ताझ' नावाचा परवाना घ्यायचा. त्यात जहाजाचे नाव, नाखव्याचे नाव, जहाजाचे आकारमान, त्यावरची शस्त्रे, कुठून कुठे जाणार, असा तपशील लिहिलेला असे. वाटेत गाठ पडलेल्या पोर्तुगीज जहाजाला हा कागद दाखवायचा. कागद नसेल, किंवा कागदावर एक आणि जहाजात दुसरेच असेल, तर जहाज जप्त होई. पुढे कान्होजी आंग्र्यांनी कोकण किनाऱ्यावर मराठ्यांचे दस्तक घेण्याचा आग्रह धरला. मुंबईच्या इंग्रजांना ते मान्य नव्हते. जहाज खरोखर इंग्रजांचे, की इंग्रजांच्या निशाणाखाली चाललेले दुसऱ्याच व्यापाऱ्याचे, आणि आतला माल कोणाचा, यावरून दोघांत वारंवार खटके उडाले.

या भांडणांत आपल्या विषयाचे मूळ सापडते. निशाण लांबून दिसते, पण ते कोणीही लावू शकतो. परवाना खोटा करणे अवघड, पण तो दाखवायचा म्हणजे आपला सगळा बेत समोरच्याच्या हाती द्यायचा. पहिल्यात सुरक्षितता कमी, दुसऱ्यात खासगीपणा कमी.

खोटा कागद ओळखण्याची युक्तीही त्या काळी होती. मराठेशाहीतल्या पत्रांवर वर शिक्का असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे मर्यादेची मुद्रा. शिक्क्यावरून पत्र कोणाचे ते कळे, आणि मोर्तबामुळे खाली कोणी दोन ओळी घुसडू शकत नसे. आपण आजही एखादी गोष्ट पक्की झाली की 'शिक्कामोर्तब झाले' म्हणतो. संदेश कोणाचा, आणि तो मध्ये बदलला तर नाही ना, या दोन वेगवेगळ्या शंका आहेत, हे त्या कारकुनांना नेमके ठाऊक होते.

पाटीवरचा क्रमांक

रस्त्यावरच्या वाहनांना ओळख मिळाली ती नंबरप्लेटमुळे. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये मोटारींवर पाटी लावण्याचा नियम केला. भारतात १९१४ च्या मोटार वाहन कायद्याने नोंदणी आली. त्यानंतर १९३९ चा आणि आज लागू असलेला १९८८ चा कायदा झाला. बारामतीच्या परिवहन कार्यालयात नोंदलेल्या गाडीवर आज 'एमएच ४२' असते.

नंबरप्लेट ही एक समंजस तडजोड होती, असे आम्हांला वाटते. क्रमांक सर्वांना दिसतो, पण त्यावरून मालकाचे नाव कळत नाही. ते सरकारी नोंदवहीत असते. अपघात झाला, तर पोलिसांनी नोंदवही उघडावी. एरवी रस्त्यावरच्या माणसाला ते एक निनावी वाहन. शिवाय क्रमांक वाचायला माणूस लागतो, आणि माणूस दिवसभर उभा राहून येणारी-जाणारी प्रत्येक गाडी टिपून ठेवत नाही. या कंटाळ्यामुळेच आपला खासगीपणा बराचसा राखला गेला होता.

मात्र पाटी रंगवून घेणे सोपे होते, त्यामुळे बनावट पाट्यांचा त्रास सुरू झाला. म्हणून १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची झाली. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम असतो, लेसरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो, आणि ती अशा कुलपाने बसवतात, की काढताना कुलूप तुटते. हे आधुनिक शिक्कामोर्तबच. महाराष्ट्रात त्याआधीच्या वाहनांनाही ही पाटी लावण्याचा आदेश पुढे निघाला.

दुसऱ्या बाजूने कंटाळ्याचे संरक्षण मात्र संपले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा सुरू झाली. कॅमेरा आपणहून क्रमांक वाचतो, आणि त्याला कंटाळा नाही. नोंदवहीही पूर्वीसारखी कार्यालयाच्या कपाटात राहिली नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१९ मध्ये वाहननोंदणीची माहिती कंपन्यांना ठोक स्वरूपात, पैसे घेऊन देण्याचे धोरण आणले. ही माहिती इतर माहितीशी जोडून माणूस ओळखता येऊ शकतो, असा आक्षेप आला, आणि खासगीपणाच्या काळजीपोटी २०२० मध्ये ते धोरण मागे घेतले गेले. दरम्यान २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिलेला होता.

रेडिओवरून नाव सांगणारी जहाजे

वाहनांनी रेडिओवरून आपली ओळख सतत सांगत राहायची, हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा समुद्रातच झाला. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार २००४ च्या अखेरीपर्यंत मोठ्या व्यापारी जहाजांवर आणि प्रवासी जहाजांवर स्वयंचलित ओळख यंत्रणा बसली. जहाजाचा नऊ अंकी क्रमांक, स्थान, वेग आणि दिशा दर काही सेकंदांनी प्रसारित होते. धुक्यातही शेजारचे जहाज कळते, टक्कर टळते. हेतू उत्तम. पण संदेशावर शिक्का नाही आणि मोर्तबही नाही. क्रमांक ज्याने पाठवला त्याचाच, असे सगळे समजून चालतात.

२०१३ मध्ये संगणक सुरक्षेच्या अभ्यासकांनी, अस्तित्वात नसलेले जहाज या यंत्रणेच्या नकाशावर आणता येते, हे दाखवून दिले. जून २०२१ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्सच्या दोन युद्धनौका काळ्या समुद्रात सेवास्तोपोलच्या दिशेने गेल्याचे या यंत्रणेच्या नोंदींत दिसले. प्रत्यक्षात त्या वेळी त्या ओडेसाच्या बंदरात उभ्या होत्या, आणि बंदरावरच्या कॅमेऱ्यात तशा दिसतही होत्या. युद्धनौकांच्या बाबतीत असा खोटा संदेश कुठवर नेऊ शकतो, याची कल्पना करता येईल.

आपल्याला जवळचे उदाहरण अधिक दुःखद आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणाऱ्या दहशतवाद्यांनी भर समुद्रात 'कुबेर' ही भारतीय मासेमारी नौका ताब्यात घेतली आणि तिच्यातून ते मुंबईजवळ आले. नौका खरी होती, तिची नोंदणीही खरी होती. आतली माणसे मात्र दुसरी होती. ओळख पटली म्हणजे भरवसा ठेवता येतोच असे नाही, हा धडा यातून मिळतो, आणि तो रस्त्यावरच्या गाड्यांनाही लागू आहे.

गाड्या बोलू लागल्या

अमेरिकेने १९९९ मध्ये ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपासचा रेडिओपट्टा वाहनांच्या संवादासाठी राखून ठेवला. या लहरींची लांबी सुमारे पाच सेंटिमीटर असते, आणि मोकळ्या रस्त्यावर त्या साधारण ३०० मीटरपर्यंत उपयोगी पडतात. गाडीने सेकंदाला दहा वेळा आपले स्थान, वेग, दिशा आणि ब्रेक दाबला आहे की नाही, हे आसपासच्या गाड्यांना सांगायचे, अशी ही रचना. पुढे तिथे २०१७ मध्ये नव्या गाड्यांना ती सक्तीची करण्याचा प्रस्ताव मांडला गेला आणि २०२३ मध्ये तो मागे घेतला गेला. युरोपात २०१९ पासून काही गाड्यांमध्ये अशी सोय कारखान्यातूनच येऊ लागली. भारतात २०२६ च्या आरंभी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने आपली योजना मांडली.

थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. ३०० मीटर अलीकडे इशारा मिळाला, तर चालकाच्या हाती १७-१८ सेकंद येतात. जीव वाचवायला एवढा वेळ पुष्कळ झाला. आता हाच हिशेब उलट बाजूने करा. सेकंदाला दहा संदेश, म्हणजे दर पावणेदोन मीटरला एक. पाच किलोमीटर गेलेली गाडी आपल्यामागे सुमारे ३००० टिंबे सोडते. त्या प्रत्येकावर एकच नाव असेल, तर तो तिच्या प्रवासाचा बिनचूक नकाशाच झाला.

कमकुवत जागा कोणत्या? पहिली, खोटा संदेश. 'पुढे अपघात झाला आहे, दुसऱ्या रस्त्याने जा' असे खोटेच सांगून आपला रस्ता मोकळा करून घेता येईल. दुसरी, शिळा संदेश. काल खरोखर दाबलेल्या ब्रेकचा संदेश टिपून ठेवायचा आणि आज पुन्हा पाठवायचा. तिसरी, भूतगाड्या. एकानेच अनेक गाड्या असल्याचे सोंग आणायचे. या शेवटच्या प्रकाराचा एक गमतीदार नमुना बर्लिनच्या एका कलाकाराने २०२० मध्ये दाखवला. त्याने हातगाडीत ९९ मोबाइल फोन भरले आणि ती हातगाडी ओढत तो रस्त्यावरून पायी चालला. नकाशाच्या सेवेला वाटले, की ९९ वाहने मुंगीच्या गतीने सरकत आहेत. तिने मोकळा रस्ता लाल रंगाने दाखवला.

माग निघण्याचा धोकाही कल्पनेतला नाही. काही मोटारींच्या चाकांत हवेचा दाब मोजणारे छोटे संवेदक असतात आणि ते आपला ठरावीक क्रमांक रेडिओने पाठवतात. २०१० मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी हे क्रमांक सुमारे ४० मीटरवरून टिपून दाखवले. टायरमधली हवा सांगायला बसवलेले यंत्र नकळत गाडीचे नावही सांगत होते.

दाखला आणि टोपणनावे

खोट्या संदेशावर उपाय आहे अंकीय सहीचा. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी मांडलेल्या कल्पनेवर तो उभा आहे. किल्ल्यांची जोडी करायची. एक किल्ली गाडीतच गुप्त राहते, तिने संदेशावर सही होते. दुसरी सर्वांना ठाऊक असते, तिने सही तपासता येते. संदेशातला एक अंक बदलला तरी सही जुळत नाही. म्हणजे शिक्का आणि मोर्तब दोन्ही एकातच आले. संदेशात वेळ घातली, की शिळा संदेशही पकडता येतो.

पण ही किल्ली खऱ्या गाडीचीच, हे कशावरून? इथे शाळा सोडल्याचा दाखला आठवावा. आपल्या शाळेत नव्याने आलेल्या मुलाला मुख्याध्यापक ओळखत नाहीत, आधीच्या शाळेच्या दाखल्यावर विश्वास ठेवतात. तशीच एक मान्यताप्राप्त संस्था गाडीच्या किल्लीला दाखला देते.

दाखला एकच असेल तर मागाचा प्रश्न परत येतो. म्हणून अमेरिकेतल्या आराखड्यात प्रत्येक गाडीला दर आठवड्याला २० वेगवेगळे दाखले देण्याची योजना केली गेली. हे दाखले म्हणजे टोपणनावेच. गाडी दर थोड्या मिनिटांनी नाव बदलते. तीन वर्षांचा साठा धरला, तर एका गाडीला ३००० हून अधिक टोपणनावे लागतात. कोणते टोपणनाव कोणाचे, हे एकाच कार्यालयाला कळू नये, म्हणून माहिती अनेक कार्यालयांत तोडून ठेवायची. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसे हे.

यातली अडचण चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आली असेल. गाडीजवळ एकाच वेळी २० खरे दाखले असतील, तर बिघडलेल्या किंवा फितवलेल्या गाडीला २० भूतगाड्या उभ्या करता येतील, आणि प्रत्येकीची सही अस्सल असेल. खासगीपणासाठी दिलेली सोय खोटेपणाच्या कामी येते. ती टाळायला कोण किती टोपणनावे वापरतो यावर नजर ठेवावी, तर खासगीपणा पुन्हा कमी होतो. कार्ताझ आणि निशाणामधली ओढाताण इथेही सुटलेली नाही. ती फक्त गणितात शिरली आहे.

मोकळ्या रस्त्यावरचा माणूस

टोपणनावाला गर्दी लागते. पुण्याच्या स्वारगेट चौकात पन्नास गाड्यांनी एकदम नावे बदलली, तर कोणती कोणती ते सांगणे कठीण. पण रात्री दोन वाजता माळेगावच्या रस्त्यावर एकच दुचाकी असेल, तर तिने नाव बदलून काय उपयोग? जिथे जुने नाव थांबले तिथूनच नवे सुरू झाले, हे पाहणाऱ्याला कळतेच. २०१३ च्या एका अभ्यासात १५ लाख माणसांच्या मोबाइल नोंदी तपासल्या, तेव्हा ठिकाण आणि वेळ अशा केवळ चार जोड्यांवरून ९५ टक्के माणसे इतरांपासून वेगळी काढता आली. रोज त्याच वेळी त्याच वस्तीवरून त्याच शाळेत जाणाऱ्या शिक्षिकेची दुचाकी ओळखायला नाव लागतच नाही. म्हणजे शहरासाठी आखलेले संरक्षण गावात आपोआप विरळ होते. आपल्याकडचे नियम ठरवताना हा मुद्दा विसरून चालणार नाही.

दुसरा मुद्दा बैलगाडीचा. तिच्याजवळ रेडिओ नाही, क्रमांक नाही, दाखला नाही. सगळ्या गाड्या बोलू लागल्यावर जी बोलत नाही ती रस्त्यावर नाहीच, असे यंत्राने आणि यंत्रावर विसंबलेल्या चालकाने धरले, तर ऊसतोड कामगाराची गाडी आजच्याहून अधिक धोक्यात येईल. शांतता म्हणजे रस्ता रिकामा, असा अर्थ कधीही लावू नये.

वर्गात करून पाहा

मैदानावर फक्कीने चार-पाच रस्ते आणि एक चौक आखा. वीस मुलांना गाड्या करा आणि प्रत्येकाला वेगवेगळ्या टोपणनावांच्या पाच चिठ्ठ्या द्या. मुलांनी चालत जावे आणि ठरावीक अंतरावर एकेक चिठ्ठी, मागे वेळेचा आकडा लिहून, टाकावी. नंतर दुसऱ्या गटाला बोलवा, आणि चिठ्ठ्यांवरून कोण कुठून कुठे गेले ते शोधायला सांगा. पुढच्या खेपेला दोनच मुलांना चालवा. गर्दीचे महत्त्व व्याख्येविना समजेल. तिसऱ्या खेपेला एका मुलाला गुपचूप पाचही चिठ्ठ्या एकाच जागी टाकायला सांगा आणि शोधणारे किती गाड्या मोजतात ते पाहा.

मग मुलांना शेवटचा प्रश्न विचारा. जी खूण समोर काहीतरी आहे एवढे खात्रीने सांगते, पण कोण आहे ते सांगत नाही, अशी कोणती? माळेगावच्या मुलांना उत्तर रस्त्यावरच सापडेल. ट्रेलरमागचा लाल रिफ्लेक्टर. आपल्याच दिव्याचा प्रकाश तो आपल्याकडे परत पाठवतो, त्यामुळे समोर वस्तू असल्याशिवाय तो चमकत नाही. त्याला नाव नाही, किल्ली नाही, आणि त्याच्या चमकण्याची नोंद कुठे उरत नाही. तो वळणापलीकडचे सांगू शकत नाही, हे खरे. त्यासाठी रेडिओ लागेल. पण ती नवी यंत्रणा येईपर्यंत, आणि आल्यानंतरही, हंगाम सुरू होण्याआधी आपल्या गावातल्या किती गाड्यांमागे हे रिफ्लेक्टर आहेत, ते मुलांना मोजून आणायला सांगता येईल. ज्या गाड्यांना नसेल, त्यांना लावायला फारसा खर्च येत नाही.